व्हीलचेअर चालवायला कोण शिकवणार?

गोदाघाटावरून जुन्या नाशकात शिरायचं तर चढ चुकत नाही. हा भाग टेकड्यांवरच वसलाय. पायी जाणाऱ्याच्या पोटऱ्या भरून येतात. व्हीलचेअर हातांनी चालवणाऱ्याला तो चढ खांद्यांनी चढावा लागतो. खांद्याचा सांधा चौफेर फिरतो, पण शरीराचा भार रोज वाहण्यासाठी तो घडलेला नाही. सपाट रस्त्यावरही सेकंदाला साधारण एक रेटा द्यावा लागतो, तोही वर्षानुवर्षं. त्यामुळे मज्जारज्जूच्या दुखापतीनंतर व्हीलचेअर वापरणाऱ्यांमध्ये खांदेदुखी आणि मनगटातली नस दबणं सर्रास आढळतं.

पिट्सबर्ग विद्यापीठातले रोरी कूपर स्वतः व्हीलचेअर वापरतात. त्यांच्यासारख्या संशोधकांनी चाकाच्या हाताने ढकलायच्या कडीलाच सेन्सर जोडले. हात किती जोराने, कोणत्या दिशेने लागतो आणि कडीवर किती वेळ टिकतो, हे त्यामुळे मोजता आलं. मनगटावरचं स्मार्ट घड्याळही आता रेटे मोजतं, पण त्यामागचा जोर त्याला कळत नाही.

अशा मोजमापांच्या आधारे २००५मध्ये अमेरिकेत वैद्यकीय मार्गदर्शक सूचना निघाल्या. रेटा लांब आणि सलग द्यावा, हिसका देऊ नये. कडी सुटल्यावर हात वरून मागे न आणता सहज खाली सोडावा आणि कडीच्या खालून मागे न्यावा. मिनिटाला ६० ऐवजी ४५ रेट्यांत तोच वेग राखता आला, तर अर्ध्या तासात ४५० रेटे वाचतात.

मात्र नुसता आकडा दाखवला की माणूस रेटे कमी करतो आणि प्रत्येक रेट्याचा जोर वाढवतो. मग खांद्याचं दुखणं टळत नाही. म्हणून शेजारी जाणता फिजिओथेरपिस्ट हवाच. चढावर तर तंत्रच बदलतं: हात खाली सोडला की खुर्ची मागे घसरते, तिथे कडीलगत आखूड रेटेच द्यावे लागतात. आणि मुळात चाकाचा आस फार मागे असलेल्या जड खुर्चीत हात कडीवर नीट पोचतच नाही. अशा खुर्चीत बसवून तंत्र शिकवणं मला अन्यायाचं वाटतं.

महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचं मुख्यालय नाशकातच आहे आणि राज्यातली अनेक फिजिओथेरपी महाविद्यालयं त्याला संलग्न आहेत. हे तंत्र शिकवायला महागडी सेन्सरची चाकं येईपर्यंत त्यांना थांबायची गरज नाही. बाजूने मोबाइलवर घेतलेल्या एका मिनिटाच्या चित्रीकरणात रेटे मोजता येतात आणि हात कुठून मागे जातो, तेही दिसतं.