शब्द किती, अर्थ किती?

काही वर्षांपूर्वी एका चर्चासत्रात मी श्रीगोंद्याचे संतकवी शेख महंमद यांच्यावर निबंध वाचला. मी नुसता बी.ए. झालेला माणूस. समोर प्राध्यापक मंडळी. म्हणून भाषेला भारदस्त कपडे चढवले. 'शेख महंमदांच्या काव्यात समन्वयात्मक जाणिवांचे बहुस्तरीय प्रकटीकरण झालेले दिसून येते,' असे एक वाक्य होते. टाळ्या पडल्या. मागच्या रांगेत माझे मामू बसले होते, चौथी शिकलेले. बाहेर आल्यावर म्हणाले, "बेटा, माणूस मुसलमानाच्या घरातला आणि भक्ती वारकऱ्यांसारखी, एवढंच ना? मग तसं सांगितलं का नाहीस?"

घरी येऊन ते वाक्य पुन्हा पाहिले. 'दिसते' पुरे असताना 'प्रकटीकरण झालेले दिसून येते'! क्रियापदाचे नाम करायचे आणि त्याला उभे करायला आणखी दोन क्रियापदांचे टेकू द्यायचे. 'मी तपासले' याचे 'तपासणी करण्यात आली' होते आणि तपासणारा गायब होतो. चूक निघाली तर धरायचे कोणाला?

पण सगळा दोष विद्वत्तेचा नव्हे. 'बहुधा', 'उपलब्ध पुराव्यांवरून' हे अभ्यासकाचे शब्द कंटाळवाणे वाटतात. पण त्यांत प्रामाणिकपणा असतो. सोपे करण्याच्या नादात आम्ही वर्तमानपत्रात लिहिणारे नेमके तेच गाळतो आणि शक्यतेची खात्री करून टाकतो.

शास्त्राला पाल्हाळ लागतोच असेही नाही. वॉटसन आणि क्रिक यांनी १९५३ साली डीएनएची रचना मांडली, तो निबंध 'नेचर'च्या दोन पानांत मावला. उलट गीतेचे ७०० श्लोक आणि 'ज्ञानेश्वरी'च्या सुमारे ९००० ओव्या. पण तिला कोणी पाल्हाळ म्हणत नाही. तिथला प्रत्येक दृष्टान्त ऐकणाऱ्याला अर्थाच्या एक पाऊल जवळ नेतो. तेव्हा कसोटी लांबीची नाही. शब्द काढून पाहावा. अर्थ हलला नाही, तर तो शब्द भरतीचा.

मी निबंध पुन्हा लिहिला. चौदा पानांची पाच झाली. 'बहुधा' मात्र जिथल्या तिथे ठेवले. मामूंनी तो वाचला आणि विचारले, "इथं 'बहुधा' का? खात्री नाही का तुझी?" त्यावर आम्ही तासभर वाद घातला. पहिल्या निबंधाला टाळ्या मिळाल्या होत्या. प्रश्न एकही आला नव्हता.