आयोडीन : मात्रा आणि अतिमात्रा

2024 च्या अखेरीस बुलढाणा जिल्ह्याच्या शेगाव तालुक्यात, बोंडगाव, काळवड, हिंगणा आदी गावांत, स्त्रीपुरुषांचे आणि मुलांचे केस थोड्या दिवसांत गळून टक्कल पडू लागले, तेव्हा प्रथम संशय गेला तो खारपाण पट्ट्यातील पाण्यावर. पुढे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची पथके येऊन नमुने घेऊन गेली, आणि महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रुग्णांच्या रक्तात, मूत्रात व केसांत सेलेनियमचे आधिक्य आढळल्याचे सांगून शिधावाटपाच्या, परप्रांतातून आलेल्या गव्हाकडे लक्ष वेधले. वास्तविक सेलेनियम शरीराचे वैरी नव्हे. कंठातील थायरॉइड ग्रंथीचा स्राव कार्यक्षम रूपात आणणारी विकरे त्याच्यावाचून घडतच नाहीत. परंतु ज्या द्रव्याची गरज मिलिग्रॅमच्या सहस्रांशांत मोजावी लागते, त्याचे आधिक्यही अभावाइतकेच घातक ठरू शकते, आणि याचा सर्वांत बोलका दाखला त्याच ग्रंथीचे दुसरे द्रव्य, आयोडीन, हाच आहे.

समुद्रशैवालाच्या राखेतून कुर्त्वा यांनी 1811 मध्ये आयोडीन वेगळे केले आणि 1820 मध्ये जिनिव्हाच्या क्वांदे यांनी ते गलगंडावर दिले. अनेकांच्या गाठी ओसरल्या, पण काहींना धडधड, कंप व कृशता जडली, आणि नवे औषध लवकरच बदनाम झाले. औषध खरे होते, मात्रा चुकली होती. शतकानंतर, 1922 मध्ये, स्वित्झर्लंडने तेच द्रव्य अत्यल्प प्रमाणात मिठातून देण्यास आरंभ केला. आपल्याकडे कांगडा खोऱ्यात 1956 पासून डॉ. रामलिंगस्वामी व त्यांच्या सहकाऱ्यांनी आयोडीनयुक्त मिठाने गलगंड हटतो हे प्रत्यक्ष दाखविले, आणि 1962 मध्ये राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. साध्या खाण्याच्या मिठाच्या विक्रीवरील बंदी 1998 मध्ये आली, 2000 मध्ये उठली आणि 2006 पासून पुन्हा अमलात आली.

सरकारी फर्मानाने मीठ खावयास लावणे कित्येकांना रुचले नाही, आणि त्यांचा आक्षेप अगदीच निराधार नाही: आयोडीनची भर पडली की दीर्घकाळ वंचित राहिलेल्या वृद्धांत ग्रंथी कधी उच्छृंखल होते, तर अन्यत्र तिची प्रतिकारजन्य मंदता काहीशी वाढते, हे डेन्मार्कसारख्या देशांत नोंदले गेले आहे. तरीही पारडे निःसंशय मिठाकडे झुकते. कारण गर्भवतीला आयोडीनची तीव्र उणीव असेल तर गर्भाच्या मेंदूची हानी होते, आणि ती नंतर कोणत्याही गोळीने भरून येत नाही. प्रौढाला दिवसाकाठी 150 मायक्रोग्रॅम पुरतात, गर्भवतीला 250. ग्राहकाच्या हाती पडणाऱ्या मिठात दर ग्रॅमला निदान 15 मायक्रोग्रॅम असावेत, असा आपला दंडक आहे.

याउलट थकवा आणि लठ्ठपणा यांवर ल्युगॉलचे आयोडीन-द्रावण रोज थेंबाथेंबाने घ्यावे, हा जो उपदेश अलीकडे सर्रास ऐकू येतो, तो मला अत्यंत धोक्याचा वाटतो. त्याच्या पाच टक्के द्रावणाच्या एका थेंबात सुमारे सहा मिलिग्रॅम आयोडीन असते, म्हणजे रोजच्या गरजेच्या चाळीसपट! अशा पुरापुढे निरोगी ग्रंथी काही काळ स्राव आवरून धरते व बहुधा सावरते. आधीच दाह किंवा गाठी असलेली ग्रंथी मात्र कायमची मंद किंवा बेफाम होऊ शकते. थायरॉइडची तक्रार असेल त्याने थेंब नव्हे, प्रथम रक्ताची टीएसएच तपासणी करावी.

खारपाण पट्ट्यातील पाणी खारट लागते म्हणून त्यात आयोडीन मुबलक असेलच, असेही कोणी गृहीत धरू नये. विद्राव्य क्षार आणि आयोडीन यांचा हिशेब वेगळा आहे. शेगाव तालुक्यातील त्या टक्कलग्रस्त गावांतील मूत्रनमुन्यांत सेलेनियम आणि आयोडीन दोन्ही एकाच वेळी, ठराविक मुदतीने मोजण्याची तजवीज जिल्हा आरोग्य खात्याने करावी, आणि शिधावाटपाचे धान्य दुकानात उतरण्यापूर्वीच त्याची परीक्षा व्हावी.