कोटेशन बदलते तेव्हा

"चाचा, कपाट तेवढे छतापर्यंत घ्या ना." फर्निचरच्या आमच्या धंद्यात हे वाक्य आठवड्यातून दोनदा तरी कानावर पडते. सांगणाऱ्याच्या दृष्टीने ती साधी सूचना असते. आम्हाला मात्र त्यात जादा प्लाय, मायका, बिजागऱ्या आणि मिस्त्रीचा आणखी एक दिवस दिसत असतो. पैशाचे बोलायला दोन्हीकडून संकोच, आणि भांडणाचे मूळ नेमके तिथेच.

काही वर्षांपूर्वी अब्बांच्या एका जुन्या स्नेह्यांच्या घरचे काम आम्ही घेतले. स्वयंपाकघर आणि दोन कपाटे, कोटेशन 1,86,000 रुपयांचे. काम सुरू झाल्यावर कपाटांवर लॉफ्ट वाढला, त्याचे 12,000. घरातल्या भाभींनी आठ ड्रॉवरना सॉफ्ट-क्लोज चॅनेल सांगितले, फरक 4,800. मायक्याचा रंग बदलायचे ठरले तेव्हा आमच्या तीन शीट कापून झाल्या होत्या, त्यांचे 5,700. प्रत्येक वेळी आम्ही काय म्हणालो? "बघू, होऊन जाईल." शेवटी 2,08,500 चे बिल पाहून ते गृहस्थ थक्क झाले. "ठरले होते ते 1,86,000," एवढेच ते म्हणाले. 22,500 पैकी निम्म्यावर तडजोड झाली, पण त्या वर्षी ईदला दोन्ही घरांचे येणे-जाणे झाले नाही. अब्बांनी आम्हाला एकच प्रश्न विचारला, "बदल सांगितला त्या दिवशी तुम्ही त्यांना रक्कम सांगितली होती का?" आमच्याकडे उत्तर नव्हते.

खरे तर हे आपल्याला नवीन असायला नको. सूरह अल-बकराची 282 वी आयत ही कुरआनातली सर्वांत मोठी आयत, आणि तिचा विषय आहे उधारीचा व्यवहार लिहून ठेवणे. रक्कम लहान असो वा मोठी, लिहिण्याचा कंटाळा करू नये, असे तिथे बजावले आहे. ज्याच्याकडे देणे आहे त्यानेच मजकूर सांगावा, हा तपशील तर आमच्या फार कामी आला. आता बदल ग्राहकानेच त्याच्या शब्दांत सांगायचा, आम्ही लिहायचा आणि त्याला वाचून दाखवायचा. आम्ही आमच्या शब्दांत लिहिले की त्याला वाटते, आपल्याला यात गुंतवले.

ईजाब आणि कबूल हे शब्द आपण निकाहच्या मजलिसमध्ये ऐकतो, पण खरेदी-विक्रीचा पायाही तोच. काझीसाहेबांनी मेहेरची एक रक्कम सांगितली आणि नवरदेव दुसऱ्याच रकमेला कबूल म्हणाला, तर पुन्हा विचारावेच लागेल. देशाचा कायदा याहून वेगळे सांगत नाही. 1872 च्या भारतीय करार कायद्याचे कलम 7 म्हणते की स्वीकार पूर्ण आणि बिनशर्त हवा. म्हणजे "कोटेशन मान्य, फक्त दोन हजार कमी करा" हा स्वीकार नव्हे, तो नवा प्रस्ताव झाला. करार पक्का झाल्यावर मात्र त्यात बदल दोघांच्या संमतीनेच होतो. ते कलम 62 मध्ये येते.

ऑर्डर देऊन वस्तू बनवून घेण्याला फिक्हमध्ये इस्तिस्ना म्हणतात. उस्मानी काळात तयार झालेल्या मजल्ला या दिवाणी संहितेत त्याची स्वतंत्र कलमे आहेत. वस्तूचे वर्णन स्पष्ट हवे. करार झाल्यावर कोणी एकट्याने मागे फिरायचे नाही. पण वस्तू वर्णनाप्रमाणे नसेल तर ती नाकारण्याचा हक्क ग्राहकाला आहे. म्हणून "चांगल्या प्रतीचा प्लाय" असे लिहिणे आम्ही सोडले. आता 18 एमएम, कोणता ग्रेड, मायका किती जाडीचा, चॅनेल कोणत्या प्रकारचे, जीएसटी धरून की सोडून, हे सारे पहिल्याच कागदावर येते. कोटेशन 15 दिवसांपुरते, हेही त्यावरच. प्लायचे भाव आमच्या हातात नाहीत.

बदल आला की जुन्या कागदावर खाडाखोड होत नाही. क्रमांक तोच, खाली "सुधारित 1", "सुधारित 2" आणि तारीख. काय वाढले, काय गेले, रकमेत किती फरक आणि काम किती दिवस पुढे गेले, एवढ्या चार ओळी. दिवसांची ओळ बहुतेक जण विसरतात आणि मग रमजानच्या तोंडावर "अजून का झाले नाही" म्हणून फोन सुरू होतात. घरातल्या एकाच व्यक्तीने बदल कळवायचा, हेही आधीच ठरते. आम्हाला विचाराल तर स्वयंपाकघराच्या बाबतीत ती व्यक्ती घरातली बाईच असावी, कारण ओटा तिलाच वापरायचा असतो. मिस्त्रीला परस्पर सांगितलेला किंवा व्हॉइस मेसेजवर आलेला बदल आम्ही उत्तरात रक्कम लिहून पाठवतो, आणि "मंजूर" असे आल्याशिवाय करवत चालत नाही.

सुरुवातीला काहींना हे जड गेले. एक नातेवाईक म्हणाले, "आमच्यावर विश्वास नाही का?" एक काम तर यामुळेच हातचे गेले. पण काम कमी झाले तर रक्कमही तेवढीच कमी व्हायला हवी, हे आम्ही कागदावर दाखवू लागलो तेव्हा लोकांचा सूर बदलला. वाढले की घ्यायचे आणि घटले की गप्प बसायचे, हा आमच्या धंद्यातला जुना रोग आहे. खरे बोलून, दोष उघड करून केलेल्या विक्रीत बरकत असते, अशी बुखारी आणि मुस्लिम दोन्हींत हदीस आहे. दोष मालातच असतो असे नाही, हिशोबातही असतो.

प्रत्येक बदलाचे पैसे लावावेत असेही नाही. हँडल विकत आणलेले नसतील तर त्यांचा प्रकार कितीही वेळा बदला. आणि चूक आमची असेल तर तो बदलच नव्हे. गेल्या महिन्यात एका घरी बिजागऱ्या मोजताना आम्ही सहा कमी धरल्या. "सुधारित" कागद न काढता त्या आमच्या खर्चाने बसवल्या.