पेठच्या काजूची पाई, मोहाच्या वासाची

नाशिकहून सावळघाट आणि कोटंबीचा घाट ओलांडून पेठ तालुक्यात शिरलं की मार्च-एप्रिलच्या सकाळी दोन वास येतात. एक पिकलेल्या काजूबोंडांचा, आंबूस आणि घशाला लागणारा. दुसरा मोहाच्या फुलांचा, दाट गोड, मनुका आणि ओल्या पेंढ्याच्या मधला. काजू वाड्यांमधून येतो, मोह रानातून आणि बांधावरून. दोन्ही एकाच महिन्यात हाती येतात, दोन्ही वाळवून ठेवता येतात आणि दोन्ही दिवाळी-नाताळपर्यंत टिकतात. सणाच्या स्वयंपाकात त्यांना एकत्र आणावं असं माझ्या मनात फार दिवस होतं, आणि त्याची वाट सापडली ती अमेरिकेतल्या एका पदार्थात.

तो पदार्थ म्हणजे बर्बन घातलेली पेकनची पाई. अमेरिकेच्या दक्षिण भागात नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंगपासून नाताळपर्यंत ती घरोघरी होते. खाली खुसखुशीत पारी, वर साखर, कॉर्न सिरप, लोणी आणि अंडी यांचं घट्ट सारण, त्यात पेकनचे गर आणि दोन-तीन चमचे बर्बन व्हिस्की. आज ती फार जुनी वाटते, पण कॉर्न सिरपची पाई घराघरांत पसरली १९३०च्या दशकात. ‘कॅरो’ हे सिरपच बाजारात आलं १९०२ मध्ये. पेकन मात्र तिथल्याच मातीचं झाड आहे. मिसिसिपीच्या खोऱ्यात ते रानात वाढायचं आणि तिथले मूळ रहिवासी शेकडो वर्षं त्याची फळं वेचून खात होते. बर्बनही तिथलीच. तिच्या धान्यात किमान ५१ टक्के मका हवा आणि ती आतून जाळलेल्या नव्या ओकच्या पिंपातच मुरली पाहिजे, असा तिथला नियम आहे.

रानातलं फळ बागेत कसं आलं, हा त्या पाईच्या कथेतला मला सर्वांत महत्त्वाचा भाग वाटतो. पेकनच्या बीपासून रोप केलं की आईसारखं फळ मिळेल याची खात्री नसते. पातळ कवचाच्या, मोठ्या गराच्या चांगल्या झाडाची कलमं करावी लागतात. लुइझियानातल्या ओक ॲली या मळ्यावर ते यशस्वीपणे करून दाखवलं अँतवान नावाच्या माळ्याने, १८४६-४७च्या हिवाळ्यात. अँतवान गुलाम होता. त्याच्या आडनावाची नोंद नाही. त्याच्या कलमांतून वाढलेल्या झाडांची फळं १८७६ मध्ये फिलाडेल्फियाच्या शताब्दी प्रदर्शनात गौरवली गेली आणि त्या जातीला ‘सेंटेनियल’ नाव मिळालं. आजचा अमेरिकेतला सगळा पेकन व्यवसाय त्या हातांच्या कौशल्यावर उभा राहिला. नाताळच्या ताटात पाई वाढताना त्याचं नाव घ्यायला हवं असं मला मनापासून वाटतं.

पेठच्या काजूची गोष्टही कलमांचीच आहे. काजू मूळचा ब्राझीलचा. पोर्तुगीजांनी तो सोळाव्या शतकात गोव्याच्या किनाऱ्यावर आणला आणि तिथून तो कोकणभर पसरला. सह्याद्रीच्या पश्चिम उतारावरच्या पेठ-सुरगाण्यात तो बराच उशिरा आला. मणिभाई देसाईंनी उरुळीकांचनला स्थापन केलेल्या बायफ या संस्थेने १९८२ मध्ये गुजरातेत वांसद्याला ‘वाडी’चा प्रयोग सुरू केला. एकेका आदिवासी कुटुंबाच्या एकरभर वरकस जमिनीत आंबा आणि काजूची कलमं, बांधाला जळणाची आणि चाऱ्याची झाडं, मधल्या जागेत नागली-उडीद. वांसदा सुरगाण्याला लागूनच, त्यामुळे हा विचार सीमेच्या अलीकडे यायला फार वेळ लागला नाही. १९९० पासून रोजगार हमीतून फळबाग लावायची योजना राज्यभर आली, तिनेही हातभार लावला. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने काढलेली वेंगुर्ला-४ आणि वेंगुर्ला-७ ही कलमं पाऊस झोडपणाऱ्या आणि उन्हाळ्यात पार कोरड्या पडणाऱ्या अशा उतारांवर तग धरून राहिली. जिथे पूर्वी नागली आणि वरई काढून माणसं दिवाळीनंतर द्राक्षबागांच्या मजुरीला नाशिक-दिंडोरीकडे जायची, तिथे काही घरांना एप्रिलात हातात पैसा येऊ लागला.

बी विकणं आणि गर विकणं यांत मात्र मोठा फरक आहे. बीच्या वजनाच्या तीस टक्क्यांच्या आसपासच गर निघतो, आणि तोही सहज नाही. कवचात झोंबरं तेल असतं, ते हाताला लागलं की कातडी सोलून निघते. आधी बी वाफवायची, मग कापायची, गर वाळवायचा, साल काढायची आणि प्रतवारी लावायची. हे काम बहुतेक बायाच करतात. अख्ख्या पांढऱ्या गराला भाव मिळतो, तुकड्याला तो बराच कमी. पाईला तुकडाच चांगला, आणि म्हणून तुकडा गावातूनच घ्यावा असं मी आवर्जून सांगेन.

मोहाचं झाड मात्र कोणी लावलेलं नाही. चिकूच्या कुळातलं हे झाड माघ-फाल्गुनात पानं टाकतं आणि मग त्याच्या टोकांना फुलांचे झुपके येतात. पिवळसर पांढरी, मांसल पाकळ्यांची ही फुलं रात्री उमलतात आणि पहाटे झाडाखाली सडा पडतो. उजाडायच्या आत बाया-पोरं टोपल्या घेऊन पोचतात, कारण उशीर केला तर गुरं, माकडं आणि मुंग्या पोट भरून जातात. वाळलेल्या फुलात जवळजवळ दोन तृतीयांश साखर असते. पूर्वी पावसाळ्यात धान्य संपलं की ही फुलं शिजवून, नागलीच्या पिठात मिसळून, भाजलेल्या उडदाबरोबर कुटून खाल्ली जायची. बियांचं तेल निघतं ते वेगळं. कोकणा, महादेव कोळी आणि वारली घरांत मोहाच्या झाडावर कुऱ्हाड चालवत नाहीत, आणि वाटण्या होताना शेताइतकाच झाडाचाही हिशेब होतो.

या फुलांची दारूही होते. देवाच्या नावाने जमिनीवर तिची धार सोडल्याशिवाय डोंगऱ्यादेवाचं किंवा लग्नाचं काम सुरू होत नाही. इंग्रजांच्या काळात हीच दारू मोठ्या महसुलाचं साधन झाली. उरणला पारशी मालकांच्या भट्ट्यांमध्ये मोहाची दारू निघायची आणि मुंबईला जायची. १८७८च्या अबकारी कायद्याने घरगुती भट्टी बंद केली, आणि १८९२च्या मोहरा कायद्याने पुढची पायरी गाठली: ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत फुलं बाळगण्यावरच बंधनं आली. जे फूल उपाशी दिवसांत पोटाला आधार द्यायचं, ते घरात सापडणं संशयाचं झालं. स्वातंत्र्यानंतर १९४९चा दारूबंदी कायदा आला आणि फुलांवरचा पहारा वेगळ्या रूपात चालूच राहिला. महाराष्ट्र सरकारने फुलं गोळा करणं, साठवणं आणि नेणं यांवरचे निर्बंध शिथिल केले ते २०२१ मध्ये.

दारूने मोडलेली घरं या तालुक्यात आहेत, आणि दारू बंद व्हावी म्हणून झटलेल्या बायाही आहेत. त्यांच्यासमोर दारूचं गुणगान करायची माझी इच्छा नाही. घरी दारू गाळणं हा आजही गुन्हा आहे, आणि हातभट्टीच्या दारूत काय मिसळलेलं आहे हे कळायची सोय नसल्याने ती पदार्थातही घालू नये. स्वयंपाकात वापरायचीच असेल तर परवान्याने बनलेली, बाटलीवर प्रमाण छापलेली घ्यावी. आता ती मिळूही लागली आहे. गोव्यातून डेस्मंड नाझरेथ यांनी मोहाची दारू बाजारात आणली. पेठपासून फार लांब नसलेल्या डहाणूत साउथ सीज डिस्टिलरीजने ‘सिक्स ब्रदर्स महुरा’ नावाने काढली. गोव्याची काजूची फेणीही चालेल. २००९ मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळालं आहे, आणि बोंडाची दारू आणि त्याच झाडाचा गर एका सारणात छान जुळतात. फक्त ती गोव्यातून आणताना परवाना घ्यावा लागतो.

दारू पाईत नेमकं काय करते? अल्कोहोल ७८ अंशांना उकळतं, म्हणजे पाण्याच्या खूप आधी. त्यामुळे ते उडताना काजूतल्या आणि गुळातल्या वासांना सोबत घेऊन नाकापर्यंत पोचतं. जे वास पाण्यात विरघळत नाहीत, ते त्यात विरघळतात. पारीतही त्याचं काम आहे. मैद्यात पाणी पडलं की चिकटपणा तयार होतो आणि पारी चामट होते. थोड्या पाण्याच्या जागी दारू घातली की पीठ गोळा तर होतं, पण तेवढं चिवट होत नाही.

सगळं अल्कोहोल भाजताना उडून जातं, हा मात्र गैरसमज आहे. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या तक्त्यानुसार सारणात मिसळून अर्धा तास भाजलं तर ३५ टक्के आणि तासभर भाजलं तर २५ टक्के अल्कोहोल शिल्लक राहतं. ४५ मिलिलिटर दारूत निव्वळ अल्कोहोल १९ मिलिलिटरच्या आसपास. भाजून साधारण सहा उरतं, आणि दहा तुकडे केले तर प्रत्येकात अर्ध्या मिलिलिटरच्या जरा वर. फार नाही, पण शून्यही नाही. मुलं, गरोदर बाया आणि दारू सोडलेली माणसं यांना ते सांगूनच वाढावं.

त्यांच्यासाठी आणि खरं तर माझ्या मते सगळ्यांसाठीच, चांगली वाट फुलाची आहे. दारूतला जो वास आपल्याला हवा असतो तो मुळात फुलातच असतो. वाळलेली फुलं झटकून त्यांच्या आतले केसर काढून टाकायचे. ते राहिले तर कडवटपणा येतो. मग दोन-तीन पाण्यांनी धुऊन फुलं कोमट पाण्यात तासभर भिजवायची. फुलं बाजूला ठेवून ते पाणी मंद आचेवर आटवायचं, चमच्याला धरेपर्यंत. हा अर्क तीन चमचे घातला की दारूची उणीव राहत नाही.

आता सारण. पेकनमध्ये सत्तर टक्क्यांच्या आसपास तेल असतं आणि त्याच्या सालीला तुरटपणा असतो. तोच त्या पाईतला गोडवा आवरतो. काजूत तेल कमी, पिष्ट जास्त आणि तुरटपणा नाहीच. म्हणून काजू घेऊन तीच कृती केली तर पाई नुसती गोड होते, दोन घासांत मन भरतं. त्यावर माझा उपाय खुरासणी. पेठच्या रानात कार्तिकात पिवळी फुलणारी ही गळिताची बी भाजली की तिला मातकट, किंचित कडू चव येते. दोन चमचे भाजून जाडसर कुटून सारणात टाकली की काजूला कणा मिळतो. कॉर्न सिरपच्या जागी काकवी आणि साखरेच्या जागी गूळ. गुळाने दूध फाटतं, पण इथे दूध नसल्याने ती भीती नाही.

नऊ इंची पसरट डब्यासाठी पारीला १२० ग्रॅम मैदा, ६० ग्रॅम नागलीचं पीठ, चिमूट मीठ आणि १०० ग्रॅम गार लोणी. लोणी बोटांच्या टोकांनी पिठात चोळायचं, रव्यासारखं झालं की दोन चमचे गार पाणी आणि एक चमचा दारू किंवा पाण्याचाच आणखी एक चमचा शिंपडून गोळा करायचा आणि अर्धा तास थंडीत ठेवायचा. नुसत्या नागलीची पारी उभी राहत नाही, ती भुगा होते. मैदा लागतोच. पारी लाटून डब्यात बसवून, काट्याने टोचून १९० अंशांवर पंधरा मिनिटं भाजून घ्यायची. सारणाला १५० ग्रॅम किसलेला गूळ, १५० मिलिलिटर काकवी आणि ६० ग्रॅम लोणी मंद आचेवर एकजीव करून कोमट होऊ द्यायचं. गरम असताना अंडी घातली तर ती शिजून गोळे होतात. मग तीन फेटलेली अंडी, मीठ, ४५ मिलिलिटर दारू किंवा तीन चमचे फुलांचा अर्क, मूठभर भिजवलेली मोहफुलं, खुरासणी आणि आधी हलके भाजलेले २०० ग्रॅम काजूचे तुकडे. १७५ अंशांवर ४५ ते ५० मिनिटं. कडा फुगून घट्ट झाल्या आणि मधला वाटीएवढा भाग हलवल्यावर थरथरला की पाई झाली. मधला भागही घट्ट होईपर्यंत ठेवली तर अंडी आकसतात आणि सारणाला पाणी सुटतं.

ओव्हन नसेल तर जाड बुडाच्या पातेल्यात दोन बोटं वाळू पसरून, वर जाळी ठेवून, झाकण लावून पंधरा मिनिटं तापवावं आणि मग डबा आत ठेवावा. वेळ जास्त लागतो आणि वरून रंग कमी येतो, पण खालची पारी छान भाजली जाते. दिवाळीत आपण पीठ-तूप-साखर देऊन बेकरीच्या भट्टीतून नानकटाई भाजून आणतो. नानकटाईचे ट्रे निघाल्यावर भट्टीची आच उतरत असते, तेव्हा पाईचा डबाही तिथे ठेवायला सांगता येतो.

भाजलेली पाई निदान चार तास निवू द्यावी, गरम कापली तर सारण वाहतं. अंड्यामुळे ती निवल्यावर बाहेर ठेवू नये, फ्रिजमध्ये तीन-चार दिवस राहते, आणि दुसऱ्या दिवशी मोहाचा वास पहिल्या दिवसापेक्षा अधिक मुरलेला लागतो. फुलं या सणाला मिळाली नाहीत तर अर्धी वाटी काळ्या मनुका वापराव्यात आणि पुढच्या चैत्रात पेठकडच्या कुणाकडून किलोभर नवी फुलं सांगून ठेवावीत. नव्या फुलाचा रंग तांबूस सोनेरी असतो, काळपट आणि चिकट झालेलं फूल घेऊ नये. कडक उन्हात आणखी दोन दिवस वाळवून काचेच्या बरणीत भरलं की ते पुढच्या नाताळपर्यंत चांगलं राहतं.