विच्छेदन थांबलं, प्राणिशास्त्राचं पुढे काय?

प्राणिशास्त्राचं प्रॅक्टिकल म्हटलं की एका पिढीला मेणाचा ट्रे, टाचण्यांनी ताणून बसवलेला बेडूक आणि क्लोरोफॉर्मचा वास आठवतो. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०११ मध्ये ही पद्धत टप्प्याटप्प्याने बंद करण्याची मार्गदर्शक तत्त्वं काढली आणि २०१४ मध्ये पदवी व पदव्युत्तर अभ्यासक्रमांतून विच्छेदन पूर्णपणे थांबवायला सांगितलं. हा विचार अचानक आलेला नव्हता. पुस्तकं, प्रतिकृती, चित्रफिती यांनी काम भागत असेल तर महाविद्यालयांत प्राण्यांवर प्रयोग टाळावेत, हे तत्त्व १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यातच आहे. त्यामुळे बंदी योग्य की अयोग्य, हा प्रश्न आता मागे पडायला हवा. रिकाम्या झालेल्या ट्रेच्या जागी आपण काय आणलं, हा खरा प्रश्न आहे. तिथे फक्त संगणकाचा पडदा आला असेल, तर बेडकाचा जीव वाचला, पण विद्यार्थी बेडकापासून होता तेवढाच दूर राहिला.

ट्रेमधला बेडूक शेतातून, ओढ्या-डबक्यांतून पकडून आणलेला असे. भाताच्या खाचरातले किडे खाणारा हा प्राणी. बेडकांच्या पायांची हजारो टन निर्यात केल्यावर देशाला त्यांचं मोल जाणवलं आणि १९८७ मध्ये ती निर्यात बंद झाली. महाविद्यालयांची गरज त्या व्यापारापुढे किरकोळ होती, हे खरं. पण एका तासाला अन्नसाखळी शिकवायची आणि पुढच्या तासाला त्याच साखळीतली कडी काढून कापायची, यातून विद्यार्थी नेमकं काय शिकणार? शिवाय मेलेल्या बेडकात जे दिसतं ते मोजकंच असतं. मोठ्या भारतीय बेडकाचे नर पहिल्या पावसात पिवळेजर्द होतात आणि गळ्याच्या दोन्ही बाजूंच्या निळ्या पिशव्या फुगवून माद्यांना साद घालतात. हृदयाचे तीन कप्पे ट्रेमध्ये दिसत; हा रंग, हा आवाज, ही धडपड तिथे कधीच दिसली नाही.

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो: हाताला अवयव लागल्याशिवाय शरीररचना कळत नाही. त्यात तथ्य आहे. दोन शरीरं हुबेहूब सारखी नसतात आणि प्रतिकृती मात्र प्रत्येक वेळी तीच असते. पण शिकवण्याच्या पद्धतींची तुलना करणाऱ्या बहुतेक अभ्यासांत पर्यायी साधनांनी शिकलेले विद्यार्थी मागे पडलेले नाहीत. ज्यांना पुढे पशुवैद्य व्हायचं आहे, त्यांना खऱ्या शरीरावर सराव हवाच. त्यासाठी नैसर्गिकरीत्या मेलेली जनावरं वापरता येतात. वर्गातल्या प्रत्येकाला शस्त्रक्रिया करायची नसते, तेव्हा प्रत्येकासाठी एक जीव घेण्याचं कारण उरत नाही. कोंबडी-मासळी चालते, मग बेडकाचीच दया का, असंही विचारतात. ताटात काय असावं हा ज्याचा त्याचा प्रश्न. पण मारणं अभ्यासाचा सक्तीचा भाग असेल, तर त्याची गरज सिद्ध करण्याची जबाबदारी शिक्षण देणाऱ्यावर येते.

मग पर्याय कोणता? अवयवांसाठी प्रतिकृती आणि सॉफ्टवेअर जरूर असावं, पण प्राणी समजण्यासाठी विद्यार्थ्याने त्याच्या घरी जायला हवं. पदव्युत्तर विद्यार्थ्यांना विच्छेदनाऐवजी जैवविविधतेवरचा प्रकल्प निवडता यावा, अशी सोय २०११ च्या तत्त्वांत होतीच. सिंधुदुर्गातल्या आंबोलीत जगात अन्यत्र जवळपास न आढळणारा भेक राहतो. तिथे न जाताही पावसाळ्यातल्या कुठल्याही डबक्यावर आवाज नोंदवता येतात, अंड्यांपासून पिल्लांना पाय फुटेपर्यंतचे बदल न पकडता टिपता येतात, पाणी आटलं किंवा फवारणी झाली तर काय घडतं ते पाहता येतं. शहरात डबकं नसेल, तर बागेतली फुलपाखरं आणि भिंतीवरच्या पाली आहेत. याला वेळ लागतो, शिक्षकांवर भार पडतो, ही तक्रार रास्त आहे. म्हणूनच हे काम हौसेवर सोडता कामा नये. विच्छेदनाच्या जर्नलला जे गुण मिळत होते, ते निरीक्षणाच्या वहीला मिळायला हवेत आणि प्रॅक्टिकलच्या वेळापत्रकात बाहेर जाण्याचे तास छापलेले असायला हवेत. या ओळखीची गरज वर्गाबाहेरही आहे: गोव्यात बेडूक मारायला बंदी असूनही पावसाळ्यात ते चोरून मारले जातात. तिथे कायद्याला साथ हवी ती बेडूक जिवंत ओळखणाऱ्या माणसांची. अशी माणसं घडवणं हे प्राणिशास्त्राचं काम आहे, आणि विच्छेदन थांबल्यामुळे त्यासाठीचा वेळ आता मोकळा झाला आहे.