समुदायाचा दूत : ज्यू प्रार्थनागायन कसे ऐकावे?

संगीताला भाषा नसते, असे आपण फार सहज बोलून जातो. शब्द न समजताही सूर काळजाला भिडतो, हा अनुभव खराही आहे. परंतु काही गायनप्रकारांच्या बाबतीत हे वाक्य अर्धेच खरे ठरते. ज्यू लोकांच्या प्रार्थनामंदिरात, म्हणजे सिनेगॉगमध्ये, होणारे एकल प्रार्थनागायन हे त्यांपैकी एक. हे गायन करणाऱ्याला हिब्रू भाषेत ‘हझान’ म्हणतात आणि त्याच्या कलेला ‘हझानुत’. ह्या गायनाची जुनी ध्वनिमुद्रणे मी बराच काळ ऐकत आलो आहे. मी ज्यू नाही. आपल्या शास्त्रीय संगीताचा एक साधा विद्यार्थी आहे. आवाजाने भारून जाणे एक आणि गायन समजणे दुसरे, हे ह्या श्रवणात मला हळूहळू उमगत गेले. संगीताची आवड असणाऱ्या माझ्या मित्रमैत्रिणींना ह्या वाटेवर थोडी सोबत व्हावी, म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रथम हझान म्हणजे कोण, ते पाहू. तो पुजारी नव्हे आणि रब्बीही नव्हे. रब्बी हा धर्मशास्त्राचा जाणकार व उपदेशक. हझान हा मुळात सिनेगॉगची व्यवस्था पाहणारा सेवक होता. पुढे प्रार्थनांचे पाठ वाढत गेले. छापील पुस्तके नव्हती आणि सगळे पाठ सर्वांना मुखोद्गत असणे शक्य नव्हते. तेव्हा ज्याला पाठ येतो त्याने ते मोठ्याने म्हणावेत आणि इतरांनी ‘आमेन’ म्हणून त्यांत सामील व्हावे, अशी प्रथा रूढ झाली. म्हणून हझानाला ‘शलीआख त्सिबूर’ म्हणजे समुदायाचा दूत असेही नाव आहे. तो श्रोत्यांसमोर गात नाही. श्रोत्यांच्या वतीने गातो. हा फरक लक्षात ठेवला म्हणजे पुढचे पुष्कळसे आपोआप उलगडते.

इ. स. ७० मध्ये रोमन सैन्याने जेरुसलेमचे मंदिर उद्ध्वस्त केले. त्या मंदिरात लेवी घराण्यांतील गायक वाद्यांच्या साथीने स्तोत्रे गात असत. मंदिर गेले, आणि त्या दुःखाची खूण म्हणून व शब्बाथच्या, म्हणजे शनिवारच्या विश्रामदिनाच्या, नियमांमुळे उपासनेतून वाद्येही गेली. एकोणिसाव्या शतकात सुधारकांनी काही ठिकाणी ऑर्गन आणला. पण सनातनी सिनेगॉगमध्ये शब्बाथला आजही वाद्य वाजत नाही. शतकानुशतके सारा भार एकट्या कंठावर पडला. हझानुतमध्ये आवाजाची जी विलक्षण कमाई दिसते तिचे एक कारण हे आहे.

ह्या गायनाचे मला तीन थर दिसतात. पहिला थर धर्मग्रंथाच्या सस्वर वाचनाचा. हिब्रू बायबलच्या शब्दांवर आणि शब्दांखाली बारीक खुणा असतात; त्यांना ‘तआमीम’ म्हणतात. तिबेरियास येथील पंडितांनी सुमारे दहाव्या शतकापर्यंत ही पद्धत पूर्णत्वास नेली. ऋग्वेदाच्या छापील पोथीतील अक्षराखालची आडवी आणि डोक्यावरची उभी रेघ ज्यांनी पाहिली आहे, त्यांना ही कल्पना अपरिचित वाटणार नाही. मात्र तआमीम केवळ सूर दाखवीत नाहीत. वाक्य कोठे तुटते आणि कोठे जोडले जाते तेही दाखवतात. गंमत अशी की, सिनेगॉगमध्ये ज्या गुंडाळीवरून तोराचे वाचन होते, तिच्यात ह्या खुणा नसतात, स्वरचिन्हेही नसतात. वाचणाऱ्याला सारे पाठच करावे लागते. तेराव्या वर्षी बार मित्झ्वा होणारा मुलगा ह्याचीच तयारी महिनोन्‌महिने करत असतो.

दुसरा थर ‘नुसाख’चा. प्रार्थना कोणत्या दिवसाची आणि कोणत्या वेळेची, त्यावरून तिचे स्वरक्षेत्र आणि ठरावीक स्वरवाक्ये ठरतात. रोजची सकाळ वेगळी, शुक्रवारची संध्याकाळ वेगळी, सणांचे दिवस वेगळे आणि नववर्ष व प्रायश्चित्तदिनाचे गंभीर सूर त्याहून वेगळे. जाणकार मनुष्याला डोळे मिटून सिनेगॉगमध्ये आणून बसवले, तरी आज कोणता दिवस आहे हे तो गायनावरून ओळखू शकेल. आपल्या रागांच्या समयचक्राची आठवण येथे झाल्यावाचून राहत नाही. पूर्व युरोपातील परंपरेत तीन मुख्य स्वरक्षेत्रे मानतात. ‘अहावा रब्बा’ह्या क्षेत्रात रिषभ, धैवत आणि निषाद कोमल, पण गांधार शुद्ध असतो, म्हणजे आपल्या बसंत मुखारीचे स्वर. ‘मागेन आवोत’ आपल्या आसावरी थाटाच्या जवळचे. ‘अदोनाय मलाख’ खमाज थाटासारखे. मात्र तार सप्तकात गेल्यावर त्यातील गांधार कोमल होतो. अर्थात स्वर जुळले म्हणजे राग जुळला असे नव्हे. भूप आणि देशकार यांचे स्वर तेच असूनही चाल निराळी, हे आपण जाणतोच. इथेही ओळख पटते ती स्वरवाक्यांवरून, सप्तकावरून नव्हे.

तिसरा थर हझानाच्या स्वतःच्या प्रतिभेचा. नुसाखच्या चौकटीत राहून तो मुक्त लयीत, तालाशिवाय, प्रार्थनेचे शब्द फुलवीत जातो. आपल्याला आलाप आठवेल. परंतु आलापात शब्द बाजूला सरतो, तर इथे शब्द पुढे येतो. गळ्यात हुंदका आल्यासारखा क्षणिक तुटणारा सूर, झरझर उतरणाऱ्या ताना आणि एकाएकी अगदी नाजूक होणारा वरचा आवाज ही ह्या शैलीची अलंकरणे. एकच शब्द पुन्हा पुन्हा निरनिराळ्या भावाने म्हणणे, आपल्या ठुमरीतील बोलबनावासारखे, हेही हझानांना प्रिय. मात्र धर्मशास्त्र्यांनी त्यावर वारंवार आक्षेप घेतले. प्रार्थनेचे शब्द गायकाच्या हौसेसाठी दुणावता येतील काय, हा त्यांचा प्रश्न. दूताने निरोप पोचवावा की सजवावा, हा तो वाद आहे. आणि तो हझानुतच्या इतिहासात कधीच मिटला नाही.

शब्द आणि सूर यांचे नाते किती गुंतागुंतीचे असते, ह्याचे उत्तम उदाहरण ‘कोल निद्रे’ हे आहे. प्रायश्चित्तदिनाच्या, म्हणजे योम किप्पूरच्या, पूर्वसंध्येला ते तीन वेळा म्हटले जाते. त्याची भाषा अरामी, आणि आशय पाहिला तर देवाला केलेल्या नवसांतून व शपथांतून मुक्त होण्याचे ते जवळजवळ कायदेशीर निवेदन. शब्द कोरडे, परंतु मध्ययुगीन जर्मन प्रदेशातून आलेली त्याची चाल अशी की, सारी सभा स्तब्ध होते. जर्मन संगीतकार माक्स ब्रुख ज्यू नव्हता. तरी ह्याच चालीवरून त्याने १८८० मध्ये चेलोसाठी प्रसिद्ध रचना केली. म्हणजे सूर एकटाही प्रवास करतो, हे खरे. पण वर्षातून एकदा, दिवसभराच्या उपवासाच्या उंबरठ्यावर उभे राहून जो तो ऐकतो, त्याला त्यात काय ऐकू येत असेल, ते केवळ चेलो ऐकून आपल्याला कसे कळावे?

आधुनिक हझानुतच्या इतिहासात व्हिएन्नाचे सालोमोन सुल्झर (१८०४-१८९०) हे पहिले मोठे नाव. त्यांनी प्रार्थनागायनाला पाश्चात्त्य वृंदगानाची शिस्त दिली. शूबर्टने आयुष्याच्या अखेरच्या वर्षी, १८२८ मध्ये, त्यांच्यासाठी हिब्रूतील ९२ व्या स्तोत्राला चाल लावली. परंतु ज्याला सुवर्णयुग म्हणतात, ते विसाव्या शतकाच्या पहिल्या तीन-चार दशकांचे. त्या काळातील योसेले रोझेनब्लाट (१८८२-१९३३) हे युक्रेनमध्ये जन्मलेले आणि १९१२ मध्ये न्यूयॉर्कला गेलेले हझान. १९१८ मध्ये शिकागोच्या ऑपेरा कंपनीने त्यांना दर प्रयोगाला १००० डॉलर देऊ केले. दाढी काढावी लागणार नाही, शब्बाथला गावे लागणार नाही, अशी हमीही होती. त्यांनी नकार दिला. पुढे एका वृत्तपत्रात पैसा बुडून ते कर्जबाजारी झाले, तेव्हा देणी फेडण्यासाठी मात्र रंगमंचावर गायले. १९२७ च्या ‘द जॅझ सिंगर’ह्या बोलपटातही ते दिसतात, पण तेथे त्यांनी ‘कोल निद्रे’ गायले नाही. गळा विकावा, पण प्रार्थना विकू नये, अशी ती सीमारेषा असावी असे मला वाटते.

हीच सीमारेषा ग्रामोफोनने अधिक तीव्र केली. ओदेसाचे नामांकित हझान पिन्खास मिन्कोव्स्की यांनी तबकड्यांना कडाडून विरोध केला. पवित्र प्रार्थना कोठेही, कोणत्याही वेळी, कोणाच्याही करमणुकीसाठी वाजणार, हे त्यांना असह्य होते. उलट गेर्शोन सिरोटा यांनी शतकाच्या आरंभीच ध्वनिमुद्रणे केली. तत्त्व म्हणून पाहिले तर मिन्कोव्स्कींचे म्हणणे मला पटते. परंतु इतिहासाने त्यावर एक भयंकर टीप लिहून ठेवली आहे. सिरोटा १९४३ मध्ये वॉर्साच्या घेट्टोत कुटुंबासह मारले गेले. ज्या भव्य सिनेगॉगमध्ये ते गात असत ते नाझींनी त्याच वर्षी मे महिन्यात सुरुंग लावून उडवले. त्यांचे श्रोते, त्यांच्या मागे गाणारी मुले, सारे नाहीसे झाले. उरल्या त्या तबकड्या.

म्हणूनच ह्या तबकड्या कृतज्ञतेने ऐकाव्यात, पण सावधपणे. त्यांच्या एका बाजूवर तीन-चार मिनिटेच मावत. तासन्‌तास चालणाऱ्या उपासनेतील सर्वांत चमकदार तुकडा तेवढा निवडला जाई. आपल्या जुन्या गवयांच्या तीन मिनिटांच्या तबकडीवरून त्यांच्या रात्रभराच्या मैफलीची कल्पना करणे जितके अवघड, तितकेच हे. तानांवर तुटून पडणारे हौशी श्रोते नुसाखकडे दुर्लक्ष करतात, ते ह्यामुळेच.

शिकण्याचा क्रम नेमका उलटा आहे. आधी हिब्रू लिपी आणि शब्दांचा अर्थ, मग तआमीम, मग रोजच्या प्रार्थनेचा साधा नुसाख, त्यानंतर शब्बाथ, सण आणि शेवटी प्रायश्चित्तदिन. अलंकार सर्वांत अखेरीस. पूर्व युरोपात हे शिक्षण हझानाच्या मागे गाणाऱ्या मुलांच्या वृंदातून होई. ही मुले गुरूबरोबर राहत, गावोगाव हिंडत. ती साखळी तुटल्यावर न्यूयॉर्कमध्ये संस्था उभ्या राहिल्या : हिब्रू युनियन कॉलेजचे विद्यालय १९४८ मध्ये, ज्यूइश थिऑलॉजिकल सेमिनरीचे १९५२ मध्ये. ह्यांपैकी पहिल्या संस्थेने १९७५ मध्ये बार्बरा ऑस्टफेल्ड यांना दीक्षा दिली आणि स्त्रियांना ही वाट खुली झाली. सनातनी पंथात अद्यापही स्त्री हझान नसते. पण १९२० च्या दशकातच काही स्त्रियांनी रंगमंचावर आणि तबकड्यांवर हे गायन केले होते, हे विसरून चालणार नाही.

आपल्या मराठी मुलखाशीही हझान ह्या शब्दाचे नाते आहे. कोकणातील बेने इस्रायल समाज, ज्याला एके काळी शनवार तेली म्हणत, घरी मराठी बोलतो. त्याच्या मुंबईतील पहिल्या सिनेगॉगची स्थापना १७९६ ची. त्यांच्या हझानांच्या चाली पूर्व युरोपातल्या नव्हेत. त्यांवर कोचीन आणि बगदादकडील शिक्षकांचा प्रभाव आहे. बायबलातील कथांवर मराठी कीर्तने रचून ती गाणारा हा समाज आहे. तेव्हा ज्यू प्रार्थनागायन म्हणजे केवळ रोझेनब्लाट आणि सिरोटा, असा समज कोणी करून घेऊ नये.

आता प्रश्न उरतो तो माझ्यासारख्या बाहेरच्या श्रोत्याचा. ज्याच्या वतीने दूत गात नाही, त्याने हा निरोप ऐकावा काय? नववर्षाच्या आणि प्रायश्चित्तदिनाच्या उपासनेत ‘हिनेनी’ नावाची एक प्रार्थना असते. ती हझान स्वतःबद्दल म्हणतो : मी अपुरा आहे, माझ्या दोषांपायी ह्या लोकांच्या प्रार्थना अव्हेरल्या जाऊ नयेत, असा तिचा भाव. एवढा मोठा गळा लाभलेला माणूस आपल्या कलेची शाश्वती मागत नाही, क्षमा मागतो. माझ्या मते बाहेरच्याने आरंभ येथून करावा. आधी प्रार्थनेचा अर्थ वाचावा, ती कोणत्या दिवसाची हे पाहावे, एकच प्रार्थना दोन-तीन हझानांकडून ऐकावी, आणि ताना मोजण्याआधी कोणत्या शब्दावर आवाज थांबतो ते टिपावे. असे ऐकले तर आपण त्या समुदायाचे होत नाही. पण त्याच्या दाराशी चप्पल काढून उभे राहण्याइतके सौजन्य अंगी येते. रसिकतेकडून ह्याहून अधिक अपेक्षा मी करत नाही, आणि ह्याहून कमीही नाही.