ख्रिस्तपुराणांतील बलिदान व तारण यांचा अर्थ

फादर थॉमस स्टीफन्स यांच्या ख्रिस्तपुराणाकडे आपल्याकडील अभ्यासकांचें लक्ष प्रथम वेधलें तें भाषेच्या दृष्टीनें. इंग्लंडांत जन्मलेल्या जेसुइट पाद्र्यानें सुमारें ११,००० ओव्यांचा मराठी ग्रंथ रचावा, हें नवल खरेंच. परंतु पोथीचा पाठ ठरवितांना केवळ व्याकरण पुरत नाहीं. ज्या सिद्धांताभोंवतीं हा ग्रंथ उभा आहे, तो नीट कळल्यावांचून शब्दाची निवड कां झाली हें उमगत नाहीं. म्हणून बलिदान आणि तारण या दोन कल्पनांचा येथें थोडक्यांत खुलासा करण्याचें आम्ही योजिलें आहे.

या कल्पनांचें मूळ यहुदी धर्मांत आहे. मिसर देशांतून सुटका झाली त्या रात्रीं इस्राएल लोकांनीं निर्दोष कोंकरूं मारून त्याचें रक्त दाराच्या चौकटीस लाविलें, अशी कथा निर्गम ग्रंथाच्या बाराव्या अध्यायांत आहे. वल्हांडण सण तिचेंच स्मरण होय. लेवीय ग्रंथाच्या सोळाव्या अध्यायांत वार्षिक प्रायश्चित्तदिनाचा विधि दिला आहे. त्या दिवशीं दोन बोकड आणीत. एकाचा बळी देत. दुसऱ्याच्या मस्तकावर हात ठेवून मुख्य याजक लोकांचीं पापें उच्चारी व त्यास रानांत सोडून देववी. इ. स. ७० मध्यें रोमन सैन्यानें यरुशलेमचें मंदिर उद्ध्वस्त केलें आणि तेथील बलिविधि बंद पडला.

ख्रिस्ती धर्मानें या दोन्ही विधींचा अर्थ येशूच्या क्रूसावरील मरणांत पाहिला. योहानाच्या शुभवर्तमानांत तें मरण वल्हांडणाच्या पूर्वतयारीच्या दिवशीं घडतें, आणि येशूस देवाचें कोंकरूं म्हटलें आहे. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राचा मुख्य मुद्दा असा कीं, याजकही तोच व बळीही तोच. आणि हें बलिदान एकदांच, सर्वांसाठीं झालें.

आपल्या वाचकांस येथें यज्ञाचें स्मरण होईल. पण साम्याबरोबर भेदही पाहिला पाहिजे. यज्ञांत यजमान देवतेस हवि अर्पण करितो. येथें मनुष्यासाठीं देणारा स्वतः देवच आहे. धर्मशास्त्रांतील प्रायश्चित्त सामान्यतः ज्याचें पाप त्यानें करावयाचें; येथें निष्पाप पुरुष दुसऱ्यांच्या पापाचा भार वाहतो. तसेंच तारण म्हणजे जन्ममरणाच्या फेऱ्यांतून सुटका नव्हे, कारण पुनर्जन्म त्या मतांत नाहीं. पाप व त्याचें फळ जें मरण, त्यांपासून सुटका, देवाशीं समेट आणि अखेरीस देहासह पुनरुत्थान, असा त्याचा अर्थ आहे.

एकाच्या मरणानें दुसऱ्याचें तारण कसें होतें, याविषयीं मात्र एकमत नाहीं. प्राचीन आचार्यांपैकीं कित्येक तें सैतानाच्या दास्यांतून सोडविण्याची खंडणी समजत. अन्सेल्म यांनीं सुमारें १०९८ सालीं पूर्ण केलेल्या ग्रंथांत, पापानें देवाच्या सन्मानाची झालेली हानि मनुष्यानें भरून काढणें प्राप्त असून तें सामर्थ्य मात्र देवाचेंच, म्हणून देव मनुष्य झाला, अशी उपपत्ति मांडिली. बाराव्या शतकांत आबेलार यांनीं त्या मरणांत प्रगट झालेल्या प्रेमानें मनुष्याचें मन पालटतें, यावर भर दिला.

पुढें ल्यूथर यांनीं मिस्सा हें बलिदान असल्याचें नाकारिलें. उलट १५६२ सालीं ट्रेंटच्या परिषदेनें ठरविलें कीं मिस्सा हें खरें बलिदान होय. बळी तोच, अर्पण करणारा तोच, केवळ रीति रक्तावांचूनची. स्टीफन्स हे १५७९ सालीं गोव्यास आले, ते या निर्णयास सतरा वर्षें झालीं असतां. त्यांच्या ओव्यांत बलिदानाचा उल्लेख येईल तेथें ही पार्श्वभूमि ध्यानांत ठेविली पाहिजे. एकोणिसाव्या शतकांतील प्रॉटेस्टंट मिशनऱ्यांच्या मराठी पुस्तकांवरून त्यांचा अर्थ लावणें धोक्याचें आहे.

ग्रंथाची रचनाही या सिद्धांतास धरून आहे. पहिल्या पुराणांत सृष्टि, आदामाचें पतन आणि तारकाची प्रतीक्षा. दुसऱ्यांत तारकाचें चरित्र. रोग आधीं व औषध मागाहून, असा हा क्रम आहे. स्वर्गास ‘वैकुंठ’ हा आपला शब्द त्यांनीं निःसंकोच घेतला. श्रोत्यांच्या कानास ओळखीचा असा हा शब्द नवा अर्थ वाहूं लागला.

आतां पोथ्यांचा प्रश्न. १६१६, १६४९ व १६५४ सालच्या छापील प्रतींपैकीं एकही आज ज्ञात नाहीं. १९०७ सालीं मंगळूर येथें सालढाणा यांनीं रोमन लिपींतील हस्तलिखितांवरून ग्रंथ छापिला. लंडन येथील मार्सडेन संग्रहांतील नागरी प्रत पुढें जस्टिन अ‍ॅबट यांनीं उजेडांत आणिली. रोमन प्रतींत जेथें पोर्तुगीज-लॅटिन धर्मसंज्ञा येतात, तेथें नागरी प्रतींत पुष्कळदां संस्कृत प्रतिशब्द आहेत. मूळ पाठ कोणता, हा वाद केवळ लिपीचा नव्हे. परका शब्द ठेविला तर कल्पनेचें वेगळेपण राखलें जातें, पण ती ऐकणाऱ्यापासून दूर राहते. संस्कृत शब्द घेतला तर ती जवळ येते, पण जुना अर्थही बरोबर घेऊन येते.

आणखी एक गोष्ट सांगितल्यावांचून हा विषय पुरा होत नाहीं. याच साष्टींत १५६७ सालीं देवळें पाडलीं गेलीं आणि ग्रामस्थांस आपलीं दैवतें नदीपलीकडे न्यावीं लागलीं. नवख्रिस्ती लोकांस जुनीं पुराणें वर्ज्य झालीं. त्यांच्या जागीं आम्हांस कांहीं पुराण द्या, असें एक ब्राह्मण पाद्र्यास विनवितो, असा प्रसंग ग्रंथारंभीं आहे. बलिदानाची थोरवी गाणाऱ्या या ओव्यांमागें तिच्या श्रोत्यांनीं गमाविलेल्या वस्तूंचीही कथा उभी आहे. ग्रंथाचें मोल त्यामुळें उणें होत नाहीं. पण ती कथा विसरून त्याचा अर्थ पुरा लागत नाहीं.

यास्तव संग्राहकांस आमची विनंति आहे कीं, या वर्गाची एखादी जीर्ण पोथी हातीं आली तर तिचे शब्द ‘शुद्ध’ करूं नयेत. परका शब्द तसाच, संस्कृत शब्द तसाच, लेखनिकाची खाडाखोडही तशीच उतरून घ्यावी. एका संज्ञेच्या फरकांत दोन धर्मांची भेट कशी झाली, याचा पुरावा दडलेला असूं शकतो.